आमेनवर अंगठा

धुळे,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. मंदाअक्कास,
सा. सलाम वि. वि.

एस.टी.चा कंडक्टर दारात पाकीट घेऊन उभा राहिला म्हणून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. फोन मात्र मी तांदळाच्या डब्यात खोल पुरला आहे. यापुढे तुझ्याशी जे बोलायचे ते कागदावर. डेपोतली जुनी ओळख अजून एवढी कामाला येते की धुळे-जळगाव गाडीबरोबर चिठ्ठीचपाटी जाऊ शकते.

आज काय झाले ते सांगतो. सकाळी उपासनेला नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसलो होतो. दानार्पण झाले, सूचना सुरू झाल्या. महिला मंडळाची सभा, संडे स्कूलची सहल, कबरस्तानातले गवत. आणि त्याच सुरात अमृत पाळकसाहेबांनी वाचले की शिरपूरचे चिरंजीव नवीन पावरा आणि याच मंडळीच्या सभासद कुमारी सारिका प्रेमराज साळवे यांचा विवाह योजला आहे, ही सूचना पहिल्यांदा वाचली जात आहे, कोणाची रास्त हरकत असल्यास त्याने कळवावी. अक्का, माझी नोकरी सगळी धुळे स्टँडवर माईकपुढे गेली. कोणती गाडी लागली, कोणती रद्द झाली, सगळ्या जिल्ह्याला मी सांगत आलो. आणि आज माझ्या पोटच्या पोरीचे लग्न मला दुसऱ्याच्या माईकवरून कळले!

शेजारी बसलेल्या पितांबरने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले. मीही त्याचा हात हलवला. दुसरे काय करणार होतो? सारिका बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसली होती. तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना मी गाठले. माझा आवाज चढला होता, खोटे बोलत नाही. तर तेच उलट चकित झाले. म्हणाले की काका, तुमचे आमेन तर सगळ्यांच्या आधी आले होते. आणि त्यांनी फोन काढून मला दाखवले. हे सगळे तुझ्या त्या प्रार्थनेच्या ॲपमुळे. मागच्या वर्षी तूच माझ्या फोनवर घालून दिलेस, रोज प्रार्थनेची सवय लागेल म्हणालीस. सवय लागली. पहाटे पाचला घंटी वाजते, एक वचन येते, मग मंडळीतल्या लोकांच्या विनंत्या येतात आणि प्रत्येकीखाली आमेन लिहिलेले असते. ते दाबले की वरच्या कोपऱ्यातला दिवा पेटता राहतो. एक दिवस चुकला की विझतो. माझा दिवा आजवर विझला नाही, हे मी चारचौघांत सांगत असे. विनंत्या वाचायला चष्मा लागतो, आमेन दाबायला लागत नाही.

त्यातच सारिकाची विनंती होती. नवीनबरोबरच्या तिच्या लग्नाची सूचना या महिन्यात वाचली जावी, ज्यांची संमती आहे त्यांनी आमेन म्हणावे. खाली पहिले नाव माझे. तुला ठाऊकच आहे, आपल्या मंडळीत हात वर करून मते मोजायची पद्धत नाही. पाळक ठराव वाचतात, मंडळी आमेन म्हणते, झाला ठराव. पंच तसेच निवडले, कंपाउंडची भिंत तशीच बांधली. पाळकसाहेब नवे आहेत, वयाने लहान आहेत, त्यांनी ती पद्धत फोनलाही लावली. त्यांना तरी काय बोलू?

गेल्या नाताळात सारिकाने या मुलाचे नाव काढले तेव्हा मी साफ नाही म्हणालो होतो. मुलगा दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, प्रभूला मानणारा आहे, सगळे कबूल. पण घर पार शिरपूरच्याही वर सातपुड्यात. त्यांची बोली आपल्याला येत नाही, फोनला तिथे रेंज नाही. त्याचे आईवडील भेटायला येणार होते, त्यांनाही येऊ नका असा निरोप मी पाठवला होता. आणि आता भर मंडळीसमोर मीच हो म्हणून बसलो आहे.

सूचना तीन रविवारी वाचतात, तिसरी १६ तारखेला. तोवर हरकत घेतली तर लग्न थांबेल, नाहीतर ठरले. पण घेऊ कशी? आपल्या आबांनी लहानपणी शिकवले होते की आमेन हा देवापुढे दिलेला शब्द आहे, तो परत घ्यायचा नसतो. तू ये. नाहीतर निदान काय करू ते लिही.

तुझ्या मायेचा धनी आणि सध्या मंडळीच्या थट्टेचा विषय,
प्रेमराज


जळगाव,
मंगळवार, ४ नोव्हेंबर

चि. प्रेमराजास,
सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दारातच उभ्याने वाचायला घेतले आणि दुसऱ्या परिच्छेदाला मटकन चपलांच्या स्टँडवर बसले. कंडक्टर बिचारा विचारू लागला की आजी, कोणी गेले का. मी म्हटले की गेले नाही रे बाबा, जायचे ठरले आहे. त्याला काही कळले नाही. मग मात्र मला हसू आवरेना. तू रागावशील, पण रागाव. पोरीच्या लग्नाला बापाने दात घासायच्या आधी परवानगी दिल्याचे मी तरी आजवर ऐकले नव्हते.

हसून झाल्यावर मात्र मनाला फार लागले. प्रेमराज, ते ॲप मी तुझ्या फोनवर का घातले ते आठव. तुझी रूपा देवाघरी गेली तेव्हापासून तू प्रार्थना टाकलीस. एके काळी तू प्रार्थनेला उभा राहिलास की रूपा मला खुणा करायची, भाकरी निवल्या म्हणून. तू विहिरींसाठी प्रार्थना करायचास, रेल्वेच्या गँगमनसाठी करायचास, शाळेच्या परीक्षेला बसलेल्या सगळ्या खानदेशासाठी करायचास. आणि ती गेल्यावर कौटुंबिक उपासनेत तुझी पाळी आली की तू म्हणू लागलास की पुढच्याने करावी. मला ते बघवेना. वाटले, रोज एक वचन डोळ्यांखालून गेले तरी पुरे. तू सवय लावून घेतलीस, पण ती अंगठ्याला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. हरकत घ्यायची तर ती रास्त असावी लागते, असे पाळकच वाचतात. तू उभा राहून काय सांगणार? मुलाला व्यसन आहे? त्याचे पहिले लग्न झाले आहे? की तो डोंगरात जन्मला एवढेच? हे शेवटचे वाक्य तू प्रभूभोजनाच्या मेजासमोर मोठ्याने म्हणून दाखवणार असशील तर मला आधी कळव, म्हणजे त्या दिवशी मी तिथे नसेन. चोपड्याकडे नर्सच्या नोकरीला होते तेव्हा त्या वरच्या पाड्यांवर मी कितीतरी बाळंतपणे केली आहेत आणि त्यांच्या चुलीपाशी बसून जेवले आहे. मला त्यांच्यात काही कमी दिसले नाही. तुला न बघताच दिसले.

एक काम कर. तो फोन तांदळातून काढ, चष्मा लाव, आणि वर्षभरात तू कशाकशाला आमेन म्हणालास ते एकदा वाच. पोरीच्या लग्नाला नकळत हो म्हणालास, आणखी काय काय म्हणून बसला आहेस ते प्रभू जाणे.

गुडघ्यामुळे मला प्रवास झेपत नाही. भरीत करशील तेव्हा मिरच्या बेताने घाल, पोटाला जप. राग आला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी,
मंदाअक्का


धुळे,
शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय आत्यास,
सप्रेम सलाम.

फोनवर बोलायला घेतले तर मला रडू येईल, म्हणून लिहिते आहे. बाबांनी तुला त्यांची बाजू कळवली असेलच. त्यांनी जे लिहिले असेल त्यातले बहुतेक खरे असणार, पण एक गोष्ट त्यांना माहीत नाही.

ती विनंती मी मुद्दाम पहाटे टाकली. बाबा पाचला उठतात, अंथरुणात बसूनच सगळ्या विनंत्यांवर आमेन दाबतात आणि मग चष्मा शोधतात, हे मी रोज पाहते. म्हणजे ते वाचणार नाहीत हे मला ठाऊक होते. मनाशी म्हटले की बघू तर खरे. एवढे मोठे सुद्धा ते वाचत नाहीत का? आणि अगदी आतून असेही वाटत होते की नाहीच वाचले तर बरे. पाळकसाहेब आधी घरी येऊन विचारतील असे मी धरून चालले होते. ते आले नाहीत. बाबांचे आमेन बघून ते इतके खूश झाले की त्यांनी थेट सूचनेच्या अर्जावर आमच्या सह्या घेतल्या, आणि मी सही केली. रविवारी सूचना वाचली गेली तेव्हा बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मला वाटले होते, बाबा घर डोक्यावर घेतील. त्याला मी तयार होते, उत्तरे पाठ करून ठेवली होती. पण ते काहीच बोलले नाहीत. सकाळी दोघांचा चहा करतात, माझा कप टेबलावर ठेवतात आणि फिरायला निघून जातात. शेजारच्या ताईबाईंनी नळावर मला अडवून विचारले की लगीन ठरनं ना, मंग आम्हाले कसं सांगं नही, बठ्ठी गल्लीले मालूम शे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे म्हटल्यावर मी हसून वेळ मारून नेली. बाबा ओट्यावर उभे होते, त्यांनी ऐकले, आणि ते आत गेले.

नवीनला यातले काही माहीत नाही. बाबांचे मन वळले असेच तो समजतो. त्याच्या आईवडिलांना त्याने तसेच सांगितले आहे. ते दोघे तिसऱ्या सूचनेला येणार आहेत, त्यासाठी त्यांनी नवे कपडे घेतले आहेत. त्याच्या आईने माझ्यासाठी रानातल्या चारोळ्या पाठवल्या. ती पुडी मी उघडलेली नाही.

मला नवीनशीच लग्न करायचे आहे, आत्या. त्यात माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण बाबांनी एक शब्द तरी बोलावा, रागाचा का होईना. आई गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलते. यातले तू त्यांना काही कळवू नकोस.

माझ्यावर चिडली असलीस तरी नाव टाकू नकोस. तुझीच,
सारिका


धुळे,
सोमवार, १० नोव्हेंबर

ती. मंदाअक्कास,
सा. सलाम वि. वि.

काल दुसरी सूचना वाचली गेली. मी बसून राहिलो. घरी येऊन तू सांगितलेस तसे फोन काढला, तांदूळ झटकले, चष्मा लावला आणि वाचायला बसलो. अक्का, असा हादरा मला बऱ्याच वर्षांत बसला नव्हता.

सुरुवातीला गंमत वाटली. आपला पेटी वाजवणारा बन्सीलाल आठवतो ना? त्याने जुलैमध्ये लिहिले होते की तिसऱ्या बाकावरच्या एका वडील भावाला प्रभूने सुराचे ज्ञान द्यावे, नाहीतर गप्प राहण्याची कृपा करावी. त्यावर माझे आमेन! आणि तेही पहिले!

मग पितांबरची विनंती आली. त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीचा निकाल यायचा होता, दोघांना झोप नव्हती. हे जूनमधले. जूनपासून मी दर रविवारी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो आहे, कापसाच्या भावावर आणि पाण्यावर बोललो आहे, आणि मला ठाऊकच नव्हते. तसाच उठून त्याच्या घरी गेलो. ती माउली डोक्याला रुमाल बांधून भाजी निवडत होती. उपचार चालू आहेत, बरे आहे म्हणाली. पितांबर म्हणाला की तू कधी विचारले नाहीस, पण तुझे आमेन आले होते म्हणून आम्हाला आधार वाटला. अक्का, मला तिथे बसवेना. मी न पिताच चहाचा कप खाली ठेवला आणि परत आलो.

त्याहून खाली सारिकाची आणखी एक विनंती निघाली, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. नाव दिले नव्हते, पण पोरीची भाषा बापाला कळते. तिने लिहिले होते की प्रभू, माझे बाबा तुझ्याशी बोलत नाहीत आणि माझ्याशीही फारसे बोलत नाहीत, त्यांना परत बोलते कर. त्याच्याही खाली माझे नाव. मी त्यालाही आमेन म्हणून मोकळा झालो होतो.

तेव्हा आता ठरवले आहे. १६ तारखेला मी हरकत घेणार नाही. तोंडाने म्हटले काय आणि अंगठ्याने दाबले काय, शब्द तो शब्द. मनाला पटले आहे असे तुला खोटे लिहीत नाही. तो डोंगर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण मी गप्प बसेन आणि लग्न होऊन जाईल. यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही.

गुडघ्याला शेक देत जा, आणि माझ्याबद्दल मन कडू करू नकोस.

तुझा,
प्रेमराज


जळगाव,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. प्रेमराजास,
आशीर्वाद.

घाईत लिहिते, कंडक्टर खाली थांबला आहे. पितांबरचे वाचून डोळ्यांत पाणी आले. तू त्याच्या घरी गेलास हे फार चांगले केलेस.

पण पोरीच्या बाबतीत तुझा हिशोब चुकतो आहे. न वाचता दाबणे आणि न बोलता बसणे, यात मला काही फरक दिसत नाही. तिला तुझ्या तोंडचा शब्द हवा आहे. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हण, तिच्याशी भांड, पण तिच्या तोंडावर भांड. शब्द पाळल्याचा मोठेपणा घेऊन कोपऱ्यात बसू नकोस. सारिकाला माझा गोड पापा सांग, आणि सांगताना तरी तिच्याकडे बघ.

काळजीत असलेली,
अक्का


धुळे,
बुधवार, १९ नोव्हेंबर

ती. मंदाअक्कास,
सा. सलाम वि. वि.

रविवारचे तुला रविवारीच लिहायला बसलो होतो, पण पेन चालेना. आज जरा सावरलो आहे.

तिसरी सूचना. चर्च नेहमीपेक्षा भरलेले. सगळ्यात मागच्या बाकावर नवीन आणि त्याचे आईवडील. म्हातारे ताठ बसले होते, नवे पांढरे धोतर, डोक्याला फेटा. पाळकसाहेबांनी सूचना वाचली आणि विचारले की कोणाची रास्त हरकत आहे काय. मी ठरवल्याप्रमाणे बुटांकडे बघत बसलो. आणि बायकांच्या बाजूने आवाज आला की हरकत आहे.

अक्का, ती सारिका होती! आपली सारिका, स्वतःच्या लग्नाला! बन्सीलालचा हात पेटीवर पडून एक भलताच सूर निघाला. पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी दोनदा विचारले की ताई, तुम्ही स्वतः? ती उभीच राहिली. म्हणाली की बाबांनी विनंती वाचली नव्हती आणि ते वाचणार नाहीत हे जाणूनच मी ती पहाटे टाकली होती. माझे लग्न नवीनशीच होईल, नाहीतर होणार नाही, पण बापाला फसवून घेतलेल्या आमेनवर मला ते करायचे नाही. एवढे बोलली आणि बसली. नवीन मागे ताडकन उभा राहिला. त्यालाही हे तिथेच कळत होते.

पाळकसाहेबांनी वही मिटली. मोठ्या कष्टाने म्हणाले की आपण प्रार्थना करू, कोणी पुढाकार घ्यावा. कोणी घेईना. पंच एकमेकांकडे बघू लागले. मला कळायच्या आत मी उभा होतो.

काय बोललो ते मला धड आठवत नाही, पितांबरने नंतर सांगितले. सुरुवातीला मी रूपाचे नाव घेतले म्हणे. देवाला म्हणालो की तिला नेलेस तेव्हा मला विचारले नाहीस, म्हणून मी तुझ्याशी बोलणे टाकले आणि त्याची शिक्षा या पोरीला दिली. मग रडलो, भर मंडळीत, नाक गळेपर्यंत. मग म्हणालो की ही दोन लेकरे तुझ्या हाती देतो, आणि माझ्या मनातला तो डोंगर तूच हलव, माझ्याने तो हलत नाही. खूप वेळ बोललो असणार, कारण डोळे उघडले तेव्हा संडे स्कूलची पोरे परत येऊन दारात उभी होती. सारिका माझ्या शेजारी येऊन बसली होती. कधी आली ते मला कळले नाही.

उपासना सुटल्यावर मी सरळ मागच्या बाकापाशी गेलो. सगळे बघत होते, बघू दे म्हटले. नवीनच्या वडिलांसमोर हात जोडले. म्हटले की मागणी मुलाकडच्यांनी घालायची अशी आमच्यात रीत आहे, पण तुम्ही येत होता तेव्हा मीच वाट अडवली, म्हणून आज मी मागतो. तुमचा नवीन आमच्या सारिकासाठी द्याल का? अक्का, मला वाटले, आता ते मला उराशी धरतील. मनातून मी त्याची वाटसुद्धा बघत होतो.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. मग बायकोला त्यांच्या बोलीत काही विचारले. ती बराच वेळ बोलली, मान हलवून, हातवारे करून. नवीन मध्ये काही म्हणू लागला तर तिने त्याला हाताने थांबवले. मग ते माझ्याशी मराठीत बोलले. म्हणाले की नाताळात तुम्ही येऊ नका म्हणालात, आम्ही आलो नाही. आता तुमचे मन वळले असे पोराने सांगितले म्हणून आलो, तर तेही खरे नव्हते असे आज इथे बसून कळले. पोरगी खरे बोलली, ती आम्हाला आवडली. पण ज्या घरात आमचा पोरगा यायचा त्या घराचा आम्हाला विचार करावा लागेल. आमच्याकडे सगळे भाऊबंद बसतात, प्रार्थना करतात, मग बोलतात. आम्ही विचार करून कळवतो.

हो म्हणायचे की नाही म्हणायचे, याचीच चर्चा मी तुझ्याशी दोन आठवडे केली. समोरच्या माणसालाही नाही म्हणता येते हे माझ्या डोक्यात एकदाही आले नव्हते. त्यांनी माझा हात हातात घेतला, प्रभूच्या नावाने सलाम म्हणाले आणि शिरपूरच्या गाडीत बसून निघून गेले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत सारिका आणि मी स्टँडवर उभे होतो.

त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे निरोप कधी येईल ते नवीनलाही सांगता येत नाही. रविवारपासून रोज संध्याकाळी आम्ही बापलेक समोरासमोर बसतो आणि मोठ्याने प्रार्थना करतो. आधी ती करते, मग मी. भाकरी निवतात. दोघांचे मागणे एकच आहे, आणि उत्तर अजून आलेले नाही.

तूही तिकडे गुडघा सांभाळून आमच्यासाठी माग, आणि इतके दिवस जशी माया केलीस तशीच पुढेही करत राहा.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमराज